बकरी, मच्छरदाणी की शाळेची फी?

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, पिल्लूचा पहिला वाढदिवस आहे. घरात खेळणी ठेवायला जागा उरली नाही, म्हणून सगळ्यांना सांगितलंय, भेट आणू नका. त्या पैशांत आफ्रिकेतल्या एखाद्या गावाला शाळेसाठी, दवाखान्यासाठी काहीतरी देऊ. तू इतकी वर्षं तिकडे होतीस, काय देऊ ते सांग. एका संस्थेच्या यादीत बकरी आहे. फार गोड दिसते."

बकरी गोड दिसतेच. पण तासभर बोलूनही माझं सांगणं संपेना, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं.

मी अकरा वर्षं आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागात, थ्योलो जिल्ह्यात राहिले. लिहायचं थ्योलो, म्हणायचं चोलो. आमचे हे चहाच्या मळ्यावर कामाला होते आणि मी गावच्या प्राथमिक शाळेत मदर ग्रुपचे हिशेब लिहायचे. मुली मधेच शाळा सोडू नयेत म्हणून झटणारं गावातल्या बायकांचं हे मंडळ, मलावीत अनेक शाळांना असतं. तेव्हा माझं ज्ञान सगळं वहीतलं. कुठली भेट आली, तिचं काय झालं, आणि पुढच्या वर्षी तिच्यापायी कुणाच्या कनवटीचे किती गेले. हा शेवटचा रकाना मी सुरुवातीला ठेवलाच नव्हता. शाळेच्या एका बाईंनी तो आखायला लावला. त्या म्हणाल्या, "भेट पहिल्या वर्षी तुमची असते, दुसऱ्या वर्षी आमची."

तेव्हापासून काहीही द्यायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच: दुसऱ्या वर्षी काय?

हा प्रश्न मी शिकले तो माझ्याच चुकीतून. पहिल्या उत्साहात मी ओळखीपाळखीच्यांकडून गोष्टींची जुनी इंग्रजी पुस्तकं गोळा केली. चौदा खोकी भरली. मलावीला समुद्र नाही, त्यामुळे बोटीनं आलेला माल मोझांबिकच्या बैरा बंदरात उतरतो आणि तिथून ट्रकनं मलावीतल्या ब्लांटायर शहरात येतो. माझी कागदपत्रं अर्धवट होती, माल अडकला, गोदामाचं भाडं चढत गेलं. शेवटी खोकी सोडवायला जेवढे पैसे गेले तेवढ्यात शाळेला बाकं झाली असती. आणि पुस्तकांत काय, तर बर्फातली घरं आणि राजवाडे. तिसरीतली मुलं चिचेवा, म्हणजे तिथली भाषा, वाचायला नुकती शिकत होती. पुस्तकं हेडमास्तरांच्या कपाटात गेली, कपाटाला वाळवी लागली.

पुढे कळलं की हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. पश्चिम केनियातल्या शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन ग्लेव्ही, क्रेमर आणि मूलँ या अर्थतज्ज्ञांनी निकाल तपासले होते, ते २००९ साली छापून आले. पुस्तकांमुळे वर्गाची सरासरी हललीच नाही. जी मुलं आधीपासून हुशार होती त्यांनाच फायदा झाला. कारण पुस्तकं इंग्रजीत, आणि बऱ्याच मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. यातल्या मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

म्हणजे पुस्तकं देऊच नयेत? तसंही नाही. मलावीच्याच कासुंगू जिल्ह्यातला विल्यम कामक्वाम्बा फी भरता न आल्यामुळे शाळेबाहेर पडला, पण विम्बेच्या प्राथमिक शाळेच्या छोट्या वाचनालयात देणगीतून आलेली विज्ञानाची पुस्तकं चाळत राहिला आणि भंगारातून त्यानं पवनचक्की उभी केली. तेव्हा पुस्तकं द्या, पण तिथल्या भाषेतली आणि तिथंच छापलेली. आफ्रिकन स्टोरीबुक या दक्षिण आफ्रिकेतल्या उपक्रमानं आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांमधल्या गोष्टी कुणालाही मोफत छापता येतील अशा ठेवल्या आहेत. छपाईचे पैसे द्या, खोकी पाठवू नका. बाकांचंही तसंच. युनिसेफ आणि अमेरिकेतले टीव्ही पत्रकार लॉरेन्स ओ'डॉनेल यांनी २०१० साली मलावीच्या शाळांसाठी बाकांचा जो निधी सुरू केला, त्यात बाकं मलावीतल्याच कारखान्यांत बनतात. मोडलं तर दुरुस्त करणारा सुतार त्याच देशात आहे, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

आता शाळेच्या फीबद्दल. इथं मी जरा जास्त बोलणार, कारण माझ्या वहीत सगळ्यात चांगल्या नोंदी याच पानांवर आहेत.

मलावीनं १९९४ साली प्राथमिक शाळेची फी रद्द केली. एका वर्षात पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. वर्ग झाडाखाली भरायला लागले. ही गर्दी आठवीपर्यंतची. त्यापुढे माध्यमिकला मुलं एकदम विरळ होतात, आणि मुली तर विचारूच नका. सरकारी माध्यमिक शाळांच्या फीचे नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले आहेत, म्हणून कुणीही "एका मुलीची वर्षाची फी" म्हणून आकडा सांगितला तर त्या शाळेचं त्या वर्षाचं पत्रक मागायचं. पण फी माफ झाली तरी खर्च संपत नाही. गणवेश, वह्या, परीक्षेचं शुल्क, सॅनिटरी पॅड. आणि सगळ्यात मोठा खर्च राहण्याचा. शाळा दहा-पंधरा किलोमीटरवर असली की मुली शाळेजवळ कुणाची तरी खोली भाड्यानं घेऊन राहतात, स्वतः नसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, रांधतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, दाराला नीट कडी नाही. काय काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून फी देणाऱ्या संस्थेला जरूर विचारा: मुलगी राहते कुठे?

सुरक्षित वसतिगृहाची खाट किंवा सायकल, या दोन भेटी मी फीच्या बरोबरीनं धरते. झांबियात मुलींना सायकली देऊन पाहिल्या, तेव्हा गैरहजेरी २८ टक्क्यांनी घटली. वर्ल्ड बायसिकल रिलीफची बफेलो नावाची सायकल चांगली दणकट असते आणि ती संस्था गावोगावी दुरुस्ती करणारी माणसंही तयार करते. दुसऱ्या वर्षाचं उत्तर आधीच दिलेलं.

वेळही बघा. मलावीत शाळा सप्टेंबरला सुरू होते, दुसरं सत्र जानेवारीत. मक्याचं पीक हाताशी येतं एप्रिलच्या सुमारास. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत घरातल्या कणग्या रिकाम्या असतात आणि नेमका तेव्हाच शाळेचा खर्च समोर उभा राहतो. आमच्याकडे मुलींची नावं कमी होत ती याच दोन महिन्यांत. लग्नंही याच सुमारास ठरत. घरातलं एक तोंड कमी. देदझा जिल्ह्यातल्या पारंपरिक प्रमुख थेरेसा काचिंदामोटो यांनी असे साडेआठशेहून जास्त बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवलं. पुढे २०१७ साली घटनादुरुस्ती होऊन लग्नाचं वय सरसकट १८ झालं. पण परत आलेल्या मुलीचा खर्च कुणीतरी उचलावा लागतोच. तेव्हा पैसे डिसेंबरात पोचतील असे द्या, आणि एका मुलीचं एक वर्ष देण्यापेक्षा चार वर्षं देता येतील का ते बघा. दोघाचौघांनी मिळून द्या, पण चार वर्षं द्या. फॉर्म टूमध्ये, म्हणजे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षात, सुटलेली शाळा मी अनेक मुलींची पाहिली आहे. देणाऱ्याचा उत्साह सरला होता, एवढंच कारण.

या कामात मला कॅम्फेड या संस्थेची पद्धत पटते. १९९३ साली झिम्बाब्वेत ३२ मुलींपासून त्यांनी सुरुवात केली, २००९ पासून मलावीतही आहेत. त्यांच्या मदतीनं शिकलेल्या मुलीच पुढे गावातल्या धाकट्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहतात.

आणि पोट? आधी पोटोबा, मग विठोबा. मेरीज मील्स ही संस्था २००२ साली मलावीतच २०० मुलांना जेवण देऊन सुरू झाली. मका आणि सोयाची पातळ लापशी, तिला तिथं फाला म्हणतात. गावातल्या बायका पाळीनं पहाटे चुली पेटवतात, मुलं आपापला मग घेऊन रांगेत. एका मुलाच्या वर्षभराच्या जेवणाचा खर्च वीस पौंडांच्या आसपास येतो. लापशी शाळेतच मिळते, म्हणून मुलं शाळेत येतात. एवढं सरळ गणित दुसऱ्या कुठल्या भेटीत नाही.

दवाखान्याकडे वळू. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट, पण हेल्थ पासपोर्ट नावाची एक छोटी वही स्वतः विकत घ्यावी लागते. डॉक्टर त्यातच लिहितात, आणि ती वही म्हणजेच माणसाची सगळी वैद्यकीय कुंडली. ज्यांना ती परवडत नाही ते शाळेच्या वहीचं पान पुढे करतात. बाळंतपणाला जाताना बाईनं प्लास्टिकचा कागद, नवं ब्लेड, नाळेसाठी दोरा आणि एक-दोन चितेंजे बरोबर न्यायची रीत आहे. चितेंजे म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड. त्यातच बाळ पुसायचं, गुंडाळायचं, पाठीला बांधायचं. हे सामान जमलं नाही की बाई लाजेनं घरीच थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाळंतिणीची पिशवी ही भेट त्यामुळे छोटी वाटली तरी फार कामाची. फक्त ती तिथल्या बाजारात भरलेली हवी.

मच्छरदाणीला तर माझं झुकतं माप आहे. जगात २०२२ साली मलेरियानं सुमारे सहा लाख माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत आणि बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. औषध लावलेली एक मच्छरदाणी साधारण दोन डॉलरला पडते, दोघांना पुरते आणि तीनेक वर्षं टिकते. म्हणून देशोदेशी दर तीन वर्षांनी घरटी वाटप होतं. अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन अशा वाटपाला जाळ्या पुरवतं. इथं एक शहाणा आक्षेप नेहमी येतो, की फुकट दिलं तर किंमत राहत नाही, थोडे तरी पैसे घ्यावेत. मलाही तसंच वाटायचं. पण केनियातल्या गरोदर बायकांच्या दवाखान्यांत जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्युपा यांनी हेच तपासलं. किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेली तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के अंकांनी कोसळलं, आणि फुकट घेणाऱ्या बायका ती वापरत नव्हत्या असंही दिसलं नाही. आमच्या गावात भाजीच्या वाफ्याभोवती जाळ्या दिसायच्या खऱ्या, पण त्या फाटक्या, जुन्या. नवी जाळी कुणी कोबीला नेसवत नाही.

जंताच्या गोळ्यांचं प्रकरण जरा वेगळं. बुसिया या केनियातल्या भागात शाळेतच गोळ्या दिल्यावर गैरहजेरी पावपट घटली, असं एडवर्ड मिगेल आणि क्रेमर यांनी २००४ साली मांडलं. पुढे २०१५ मध्ये त्या आकड्यांवर तज्ज्ञांची चांगलीच जुंपली. मी त्यात पडत नाही. मलावीच्या सरोवरात पोहणाऱ्या मुलांना बिलहार्झिया हा जंतांचाच आजार होतो, लघवीतून रक्त जातं, आणि प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी तो बरा होतो, एवढं मला पुरे. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या मोठ्या मोहिमांतल्या बऱ्याच गोळ्या औषध कंपन्या मोफत देतात. तुमचे पैसे जातात ते गोळी शाळेपर्यंत नेण्यात आणि मास्तरांना शिकवण्यात. "गोळ्यांसाठी दिले आणि यांनी गाडीत घातले" म्हणून रागावू नका; गाडी नसेल तर गोळी गोदामातच राहणार.

लसीचं काम सरकारांचं आणि मोठ्या संस्थांचं, आपल्या भेटीच्या आवाक्याबाहेरचं. तरी सांगते, मलेरियाच्या पहिल्या लसीची मोहीम २३ एप्रिल २०१९ रोजी मलावीतच सुरू झाली. दुसरी लस, आर ट्वेंटीवन, पुण्याच्या सीरममध्ये बनते. गावातल्या एचएसएला, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य सहायकाला, मी हे सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती मीच घरी बनवली. या एचएसएंना सायकल, रेनकोट, औषधाची पेटी मिळवून देणारी भेट दिसली तर डोळे मिटून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला ताप आला की सगळ्यात आधी तोच पोचतो.

पाण्याच्या बाबतीत चमकदार कल्पनेपासून दूर राहा. प्लेपंप नावाचा प्रकार आठवतोय का? मुलं गोल फिरत्या पाळण्यावर खेळणार आणि पाणी वर येणार. २००६ साली अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. मुलं दमली, पाळणा बायकांनी हातानं ओढला, बिघडला तर सुटा भाग मिळेना. त्याच्या उलट आफ्रिदेव हा साधा हातपंप. १९८०च्या दशकात मलावी आणि केनियात घडवलेला, एका पान्यानं गावातल्या बायका स्वतः उघडून दुरुस्त करू शकतील असा. शेजारच्या देशांत इंडिया मार्क टू पंपही खूप दिसतात, आणि त्यांचा पूर्वज आपला सोलापूर पंप. विहीर किंवा पंप भेट देताना विचारायचं: पाणी समितीत कोण, सुट्या भागांसाठी दरमहा किती जमतात, दुकान किती दूर?

बकरी. वाचा बारीक अक्षरं. बहुतेक याद्यांत लिहिलेलं असतं की बकरी प्रतीकात्मक आहे, पैसे त्या प्रकारच्या सगळ्या कामात जातील. ही फसवणूक नाही, उलट गावाची गरज बघून खर्च करायची मोकळीक त्यांना मिळते. पण वाढदिवसाच्या कार्डावर "तुमच्या नावानं एक बकरी" असं छापू नका. खरी बकरी देत असतील तर चारा, पाणी आणि गुरांचा डॉक्टर यांचं विचारा.

बकरीपेक्षा सरळ रोख रक्कम बरी, असं माझं मत होत गेलं आहे. गिव्हडायरेक्टली ही संस्था मलावीतही मोबाइलवर थेट पैसे पाठवते. लोक दारू पितील म्हणता? केनियात रोख मिळालेल्या घरांनी सगळ्यात डोळ्यांत भरणारी गोष्ट घेतली ती पत्रे. गवताचं छप्पर वरचेवर शाकारावं लागतं, पत्र्याचं नाही. मलावीत पत्र्याला मलाटा म्हणतात, आणि मलाटा आलेल्या घरातली मुलगी पावसाळ्यात वही कोरडी ठेवू शकते.

काय पाठवू नये ते झटपट सांगते. जुने कपडे नकोत. ब्लांटायरमधल्या लिंबे भागातल्या बाजारात काउंजिकाचे, म्हणजे परदेशी जुन्या कपड्यांचे, डोंगर पडलेले असतात. उरलेली औषधं तर नकोतच. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे की दान केलेलं औषध पोचेल तेव्हा त्याची किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. दवाखान्याची यंत्रं देताना तिथं २३० व्होल्ट वीज आणि तीन चपट्या पिनांचा ब्रिटिश प्लग आहे, हेसुद्धा कुणी पाहत नाही. आणि अनाथाश्रमांना शक्यतो देऊ नका. तिथल्या पुष्कळ मुलांचे आईबाप जिवंत असतात. आश्रमाला पैसा मिळतो म्हणून मुलं भरती होतात. केनियानं २०१७ साली नवीन आश्रमांची नोंदणीच थांबवली. तेच पैसे मुलाच्या आजीला मिळाले तर मूल घरी राहतं.

संस्था तपासायला अर्धा तास काढा. मलावीत काम करणाऱ्या संस्थेची काँगोमा या तिथल्या स्वयंसेवी संस्थांच्या महासंघाकडे आणि तिथल्या एनजीओ नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. ब्रिटनमधली असेल तर चॅरिटी कमिशनच्या यादीत तिचे हिशेब दिसतात. आरोग्याच्या भेटींसाठी गिव्हवेल या संस्था पारखणाऱ्या संस्थेचे अहवाल वाचा. कंटाळवाणे आहेत, पण एका डॉलरमागे काय होतं ते पान-पान उलगडून सांगतात. प्रशासनावर किती टक्के खर्च, या एका आकड्यावर जाऊ नका. हिशेब लिहिणारीला पगार द्यावा लागतो, हे मी नाही सांगणार तर कोण!

ओळखीच्या शाळेला थेट द्यायचं असेल तर व्यक्तीच्या नावावर नाही, शाळेच्या बँक खात्यात भरा, सत्रासत्रानं भरा आणि मदर ग्रुपला पावतीची प्रत द्यायला सांगा. रक्कम डॉलरमध्ये कबूल करा. क्वाचा हे मलावीचं चलन. मे २०१२ मध्ये डॉलरचा भाव एका दिवसात १६७ क्वाचांवरून २५० वर गेला, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे १,१८० वरून १,७०० वर. क्वाचात दिलेला शब्द अशा दिवशी अर्धामुर्धा होतो, आणि दुकानदार गणवेशाचा भाव त्याच संध्याकाळी वाढवतो.

भाच्यानं अखेर दोन गोष्टी ठरवल्या. आलेल्या पैशांतला निम्मा भाग मच्छरदाण्यांना, आणि निम्मा एका मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणाला. कमी पडतील ते तो आणि त्याची बायको दर डिसेंबरात घालणार. मग काल परत फोन. "मावशी, पाहुण्यांना आभाराचं कार्ड पाठवायचंय. संस्थेकडे त्या मुलीचा फोटो मागू का?"

"नको रे," म्हटलं, "तिला कुणी विचारलंय? पिल्लूचाच लाव."